लॅबची जीटी मारू नका!

परवा शनिवारी रात्री एका मित्राशी कडाक्याचं भांडण झालं. कारण? फॅक्टोरिओ! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : प्रागच्या वुबे सॉफ्टवेअरचा हा गेम. परग्रहावर कारखाना उभारायचा, रंगीबेरंगी सायन्स पॅक बनवायचे आणि लॅबना भरवायचे, की नवं तंत्रज्ञान मिळतं.

मित्राने नेटवरची तयार ब्लूप्रिंट चिकटवली होती. पहिली लॅब बेल्टवरून पॅक घेणार, तिच्यातून इन्सर्टर दुसरीला देणार, दुसरीतून तिसरीला.. अशी १२ लॅबची साखळी. शेवटच्या चार-पाच ढिम्म. यावर साहेबांचा उपाय : "अजून लॅब लावू!"

अरे, आधी हिशोब तरी कर! साधा इन्सर्टर सेकंदाला साधारण ०.८३ पॅक उचलतो. सुरुवातीच्या लाल-हिरव्या, ३० सेकंदांच्या संशोधनात पहिल्या लॅबपुढे १२ लॅब आरामात जगतात. पण खाणींची उत्पादकता वाढवणाऱ्या वरच्या पातळ्यांना मूळ गेममध्ये ६ रंगांचे पॅक आणि ६० सेकंद लागतात. आता आकडा ८ वर. लॅबचा वेग दुप्पट केलास की ४ वर! फास्ट इन्सर्टर लावशील? लाव. मर्यादा थोडी पुढे सरकेल, इतकंच.

बेल्टवर माल भरपूर आहे, हे विशेष. पिवळ्या बेल्टची एक लेन सेकंदाला ७.५ पॅक वाहते, आणि दुप्पट वेगातही १२ लॅबना प्रत्येक रंगाचे ०.४ पुरतात. प्रत्येक बेल्टला दोन लेन, म्हणजे चार बेल्टवर सातही रंग बसतात. लॅबच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बेल्ट. जवळच्यासाठी साधा इन्सर्टर, पलीकडच्यासाठी लांब हाताचा. प्रत्येक लॅब आपापलं घेते, कुणाच्या उष्ट्यावर जगत नाही.

हे डोंबिवलीकराला समजावावं लागतं याचंच आश्चर्य वाटतं. सकाळी कर्जत-कसाऱ्याहून आलेली फास्ट कल्याणलाच भरते. डोंबिवलीला पाय ठेवायला जागा नसते, ठाणेकर तर नुसता बघत राहतो. फलाटावर माणसं वाढवून हे सुटतं का? तिथे डोंबिवलीहून, ठाण्याहून सुटणारी लोकलच लागते.

फर्स्ट इयरला आपण काचेखाली ट्यूबलाइट धरून ड्रॉइंगच्या शीटची जीटी मारायचो. शीटवर सही मिळायची, व्हायवाला दांडी उडायची. ब्लूप्रिंट चिकटवणं म्हणजे तेच. ती बनवणाऱ्याच्या आकड्यांना बरोबर असते, तुमच्या नाही. आणि ही सवय गेमपुरती राहत नाही. ऑफिसातही आपण दुसऱ्याचं डिझाइन उचलतो, सरासरी बघून 'चालतंय' म्हणतो, आणि टोकाचा युजर गोल फिरणारं चक्र बघत बसतो.

लेआउट तपासायचा तो शेवटच्या लॅबपाशी उभं राहून. पहिली काय, कशीही चालते.

असो. मित्र अजून बोलत नाहीये. पण साखळी तोडून त्याने बेल्ट पुढे ओढलाय असं कळलं :)