काढा झाला, विहाराचे काय?

गुढीपाडव्याच्या दिवशी, २ एप्रिल २०२२ रोजी, महाराष्ट्रातील कोरोनाविषयक निर्बंध पूर्णतः उठले. त्यानंतर आपल्या परिषदांतून व चर्चासत्रांतून त्या महासाथीचा आढावा पुष्कळदा घेतला गेला. कोणत्या अवस्थेत कोणता कल्प द्यावा, कोणती वटी किती मात्रेत द्यावी, यावर विपुल बोलले गेले, आणि ते योग्यही आहे. परंतु आहार, विहार व औषध या त्रयीतील मधला शब्द या सर्व चर्चेतून जवळजवळ गळून गेला आहे. त्या काळात घरात कोंडला गेलेला माणूस आणि पुढे चाचरत घराबाहेर पडलेला माणूस हा खरे तर आपल्या चिकित्सेचा विषय होता. तो आपण फारसा हाती घेतला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

चरकसंहितेतील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायाचा उल्लेख या काळात प्रत्येक व्यासपीठावरून झाला. वायू, उदक, देश व काल यांची विकृती सर्वांना पाठ झाली. मात्र तो अध्याय जेथे सुरू होतो तेथे फारसे कोणी थांबले नाही. कांपिल्य नगरीत, गंगातीरी, उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात भगवान पुनर्वसु आत्रेय वनातून फिरत आहेत आणि चालता चालता अग्निवेशास सांगत आहेत की, उद्ध्वंस होण्यापूर्वी व भूमी नीरस होण्यापूर्वी औषधी काढून ठेवा. (औषधनिर्मात्या बंधूंनी हा भाग भिंतीवर लावावा, मार्च २०२० नंतर कच्च्या मालासाठी झालेली धावपळ सर्वांना स्मरत असेलच.) त्याच अध्यायात पुढे पंचकर्म व रसायन यांच्या जोडीने सद्वृत्त, प्रशम, कल्याणकारी प्रदेशाचा आश्रय आणि सज्जनांशी धर्मशास्त्रचर्चा हेही उपाय म्हणून सांगितले आहेत. माणूस कोठे राहतो, कोठे जातो, कोणाशी बोलतो, हे आचार्यांनी उपचारातच मोजले आहे.

याउलट २०२० साली काय घडले ते पाहावे. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. संसर्ग रोखण्यासाठी अंतर राखणे व मुखपट्टी वापरणे आवश्यक होते, याविषयी वाद नाही. परंतु दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे अहोरात्र राहू लागली, तेव्हा दिनचर्या नावाची गोष्ट आठवडाभरात मोडली. रात्रीचे जागरण, दिवसाची झोप, भूक नसता खाणे आणि त्यावर पुन्हा खाणे ही हेतुमालिका घरोघर तयार झाली. सकाळी फिरायला निघालेल्यांना पोलिसांनी रस्त्यावरच योगासने करावयास लावल्याच्या घटना पुण्यात एप्रिल २०२० मध्ये घडल्या. त्या वेळी लोक हसले. पण चालणे ही चैन ठरली, हे त्यातून दिसले.

या मोडलेल्या दिनचर्येवर उतारा म्हणून घरोघर काढा उकळू लागला. आयुष मंत्रालयाने सुचविलेल्या क्वाथाचे प्रमाण तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ व काळी मिरी १ असे होते; ३ ग्रॅम चूर्ण, १५० मि.लि. उकळते पाणी, दिवसातून एक-दोन वेळा. प्रत्यक्षात मूठमूठ द्रव्ये, त्यात लवंग, त्यात आणखी कोणी सांगितलेले काही, आणि दिवसातून चार चार पेले! तेही ऐन चैत्र-वैशाखात. ग्रीष्मात कटु, अम्ल व लवण रस टाळावेत असे वाग्भटाचार्य सांगतात. परिणामी मे-जूनमध्ये मुखपाक, अम्लपित्त, मूत्रदाह व रक्तार्श यांचे रुग्ण दूरध्वनीवरून विचारणा करू लागले. त्यांतील बहुतेकांनी काढा बंद करताच निम्मा भार हलका झाला.

ऑक्टोबर २०२० मध्ये, दसऱ्याच्या सुमारास, काष्ठौषधींच्या खरेदीसाठी रविवार पेठेत जाण्याचा योग आला. सिंहगड रस्त्याला राहणारा पुणेकर पेठांकडे निघाला की अजूनही ‘गावात जाऊन येतो’ असेच म्हणतो; त्या दिवशी त्या शब्दांना वेगळाच अर्थ आला होता. दांडेकर पूल ओलांडून पुढे गेलो. लक्ष्मी रस्त्यावर दुकानांपुढे चुन्याची वर्तुळे आखलेली होती आणि कपाळापुढे तापमापक धरल्याखेरीज आत प्रवेश नव्हता. मंडईत झेंडूचे ढीग होते, पण भाव करणारे आवाज मुखपट्टीआडून दबके येत होते. कट्ट्यावर तीन वृद्ध गृहस्थ हात-हातभर अंतर राखून बसले होते. खरेदी काही नाही, हाती पिशवी नाही. विचारले तेव्हा त्यांतील एक म्हणाले, “डॉक्टर, सहा महिन्यांनी मंडईचा वास घेतला.”

सुश्रुताचार्यांनी शरीरास अति पीडा न देणाऱ्या चंक्रमणाचे गुण सांगताना आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांबरोबर ‘इंद्रियबोधन’ हाही गुण सांगितला आहे. या शब्दाचा अर्थ आपण परीक्षेपुरता लिहितो. मंडईतल्या त्या कट्ट्यावर तो अर्थ समोर बसला होता.

रविवार पेठेत मात्र वेगळेच दृश्य होते. भ्रमणध्वनीवर आलेली यादी पुढे करून ग्राहक ‘काढ्याचे सामान’ मागत होते आणि दुकानदार तागडी थांबवीत नव्हता. कोणासाठी, कोणत्या प्रकृतीसाठी, सध्या शरद ऋतू असून पित्ताचा प्रकोपकाळ आहे हे ठाऊक आहे काय, असे एकही प्रश्न नव्हते. दालचिनी म्हणून पुडीत बहुधा जाड सालीची तज पडत होती. गुळवेलीची गोष्ट तर पुढे अधिकच गंभीर झाली. २०२१ मध्ये मुंबईतील तज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांमधील यकृतविकारासंबंधी शोधनिबंध प्रसिद्ध केला, मंत्रालयाने त्याचा प्रतिवाद केला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये खऱ्या गुळवेलीत व तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीत भेद करावा असा खुलासाही केला. त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर गाठी असतात. ही ओळख पटविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. मालक काउंटरच्या अलीकडे येऊन माल पाहतो की नाही एवढाच प्रश्न आहे. शास्त्रावर आलेला आरोप शास्त्राने सोसावा आणि निष्काळजीपणा मात्र पुडीत बांधला जावा, हे न्यायाचे नाही.

याच सुमारास एक सत्तरीचे निवृत्त शिक्षक चिकित्सालयात आले. त्यांना कोरोना झालेला नव्हता. मलावष्टंभ, निद्रानाश, गुडघ्यांचे जखडणे व मनाची उदासी ही लक्षणे सहा महिन्यांची होती. मुलाने काळजीपोटी त्यांना सदनिकेच्या दाराबाहेर जाऊ दिले नव्हते. अनुलोमनासाठी औषध व अभ्यंगासाठी तेल दिलेच. पण कागदावर त्याच अक्षरात असेही लिहिले : सकाळी सात वाजता, मुखपट्टी लावून, कालव्याच्या कडेने, प्रथम आठवडा दहा मिनिटे, थकवा येण्यापूर्वी परत. व्यायाम अर्धशक्तीने करावा आणि शीतकाल व वसंत सोडून इतर ऋतूंत त्याहूनही मंद करावा, हा नियम येथे मोजमाप म्हणून उपयोगी पडतो. मुलाने हरकत घेतली, तेव्हा त्याला सांगितले की हे औषधच आहे, याला मात्रा आहे आणि काल आहे. तिसऱ्या आठवड्यात झोप सुधारली. तेलाने की चालण्याने, हे वेगळे काढून दाखविता येणार नाही. एका रुग्णावरून सिद्धांत मांडण्याचा हेतूही नाही. परंतु तोंडी ‘जरा फिरत जा’ असे सांगितले असते, तर मुलाने त्यांना जाऊ दिले नसते, हे निश्चित.

काही व्यवसायबंधू म्हणतात की रुग्ण औषधाचे पैसे देतो, फिरण्याच्या सल्ल्याचे देत नाही. हा आक्षेप व्यवहाराचा आहे, तेव्हा उत्तरही व्यवहाराचेच देतो. ज्याने २०२० साली आपल्याकडून केवळ काढा नेला, त्याला पुढच्या वर्षी तोच काढा वाण्याकडे आकर्षक वेष्टनात मिळाला. तो परत का यावा? ज्याच्या रुग्णपत्रिकेवर त्याची प्रकृती, त्याचा ऋतू, त्याच्या झोपेची वेळ आणि त्याची चालण्याची वाट लिहिलेली आहे, तो ती पत्रिका जपून ठेवतो व पुढच्या खेपेस घेऊन येतो. आपल्या संघटनेने रुग्णपत्रिकेचा एक नमुना छापावा, त्यात औषधाइतकीच जागा विहारासाठी राखावी, आणि औषधालयांनी काढ्याच्या प्रत्येक पुडीवर मात्रा व वर्ज्य ऋतू मराठीत छापावा, अशी सूचना येथे करीत आहे. येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी सभासदांनी या दोन्ही बाबींवर लेखी मत कळवावे, विरोधी असले तरीही.