देवापुढे सारखी, सातबाऱ्यावर नाही

नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर बचत गटाची बैठक चालली होती. गटातल्या बहुतेकजणी ख्रिस्ती झालेल्या मावची. विषय कर्जाच्या हप्त्यांचा होता. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली एकजण मध्येच म्हणाली, "ताई, दर रविवारी पास्टर सांगतात, देवाला सगळी लेकरं सारखी. मग बापाच्या सातबाऱ्यावर भावांचीच नावं कशी?" बाया हसल्या आणि मग गप्प झाल्या.

मी पास्टरांना विचारलं. ते म्हणाले, हा समाजाचा रिवाज, चर्च त्यात पडत नाही. पंचांना विचारलं. ते म्हणाले, ती मंडळी आता ख्रिस्ती, त्यांचं त्यांनी बघावं.

चर्च जमिनीच्या प्रश्नात पडत नाही, हे मला पटत नाही. आज झारखंडमध्ये असलेल्या छोटानागपूरचा इतिहास वेगळंच सांगतो. १८४५ मध्ये बर्लिनहून गोस्नर मिशनचे चार मिशनरी रांचीला आले. १८८५ मध्ये आलेल्या फादर लीव्हन्स या बेल्जियन जेझुइटांनी मुंडा-उरांव कुळांना जमीनदारांविरुद्ध कोर्टात लढायला मदत केली. त्या भरवशावर गावंच्या गावं चर्चमध्ये आली. बिरसा मुंडांच्या उलगुलाननंतर १९०८ चा छोटानागपूर कुळकायदा झाला, त्याच्या घडणीत फादर हॉफमन यांचा मोठा वाटा होता. या कायद्यानं आदिवासी जमिनीला संरक्षण दिलं. पण त्याच्याच कलम ७ आणि ८ मध्ये वारसा पुरुषांच्या वंशाचा ठरला. म्हणजे जमीन राखली, ती मुलग्यांसाठी.

मिशननं बाईला काहीच दिलं नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. शाळा दिली, दवाखाना दिला. १८९७ मध्ये रांचीत मेरी बर्नादेत किस्पोट्टा या उरांव तरुणीनं तीन मैत्रिणींसह लग्न नाकारलं आणि सिस्टरांचा स्वतंत्र संघ उभा केला. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पण जी बाई सिस्टर होणार नाही, शेतातच राबणार आहे, तिचं काय?

भारतीय उत्तराधिकार कायद्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही. त्याच कायद्याच्या आधारे १९८६ मध्ये केरळच्या मेरी रॉय यांनी सीरियन ख्रिस्ती स्त्रियांसाठी सुप्रीम कोर्टात लढा जिंकला. पण मुंडा, उरांव वगैरे जमाती या कायद्यातून वगळलेल्या आहेत. त्याच १९८६ साली ज्युलियाना लाक्रा या उरांव ख्रिस्ती बाईनं १९०८ च्या कायद्याला आव्हान दिलं. 'मानुषी'च्या मधू किश्वर यांचा अर्ज १९८२ पासून कोर्टात होताच. दोन्हींचा निकाल १९९६ मध्ये लागला. बहुमतानं कायदा रद्द केला नाही, फक्त पोटासाठी जमिनीवर अवलंबून असलेल्या स्त्रीला तेवढ्यापुरतं संरक्षण दिलं. म्हणजे बाईनं जमीन कसावी, पण मालकीण होऊ नये. आणि अशी एकटी विधवा जमिनीवर असली, की तिला डाकीण ठरवून हाकलणं किती सोपं, हे सातपुड्यातल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

आता 'डीलिस्टिंग'ची मागणी जोरात आहे: ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा. १९५० च्या आदेशात जमातींसाठी धर्माची अट नाही, आणि ती नसावी. अशी अट आली तर पहिला फटका बाईला बसेल. राखीव सरपंचपद जाईल. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पट्टा मागताना तिच्या घराला ७५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे शोधावे लागतील. आणि आदिवासी घरांत नवरा-बायको दोघांचं नाव लावणारा कागद हाच पट्टा आहे! एक बाजू धर्म वाचवते, दुसरी परंपरा वाचवते. बाईचा वाटा कुणाच्याच यादीत नाही.

मुलींना हक्क दिला तर जमीन बाहेरच्या जावयाकडे जाईल, असं सांगतात. धोका खरा आहे, पण जमीन विकणारे मुलगेही पाहिलेत आपण. जमीन जमातीतच राहील अशी अट घालून मुलींना वाटा देता येतो. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं केंद्राला कायद्यात बदलाचा विचार करायला सांगितलं. जुलै २०२५ मध्ये एका गोंड स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. पण एकेका बाईनं तीस-तीस वर्षं कोर्टात झिजायचं का?

आपल्यातही काहीजणी गप्प आहेत. चर्चवर बोललो तर ख्रिस्ती आदिवासींवर हल्ले करणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल, ही भीती मलाही वाटते. म्हणून हा प्रश्न बाहेरून नव्हे, त्या बायांच्या सोबतीनं, त्यांच्याच मंडळीत आणि त्यांच्याच पंचांपुढे मांडायला हवा. लग्नाआधी पास्टर जोडप्याला उपदेश करतात, त्यात वारसाहक्क का नसावा? मंडळीच्या कमिटीत आणि पंचांमध्ये बाया का नसाव्यात? आणि आपण वारस नोंदीच्या वेळी तिच्याबरोबर तलाठ्याकडे का जाऊ नये?

त्या बाईचा भाऊ अजून बोलत नाही. पुढच्या बैठकीला ती बापाचा सातबारा घेऊन येणार आहे. गटातल्या आणखी तिघींनी आपापला आणायचं कबूल केलंय.