‘टीडीटी पॉझिटिव्ह’ ठरवतं कोण? ब्लड कॅन्सरच्या रिपोर्टमागची चमकणारी अँटीबॉडी

४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत ‘नेक्सकार१९’ या भारतीय कार-टी थेरपीचं लोकार्पण केलं आणि टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्राचं नाव घराघरात पोचलं. खोपोली, कर्जत, खालापूरकडच्या लोकांसाठी हे केंद्र आपल्याच रायगड जिल्ह्यातलं, परळपेक्षा बरंच जवळ. थेरपीवर भरपूर व्हिडिओ आले. पण पेशंटला नेमका कोणत्या प्रकारचा ब्लड कॅन्सर आहे हे कळल्याशिवाय कुठलीच थेरपी सुरू होत नाही. ते सांगायला मदत करते फ्रिजमधली एक छोटीशी बाटली, आणि तिच्यावर कोणी रील बनवत नाही.

त्या बाटलीत असते रंग चिकटवलेली अँटीबॉडी. ती मानवी पेशीतलं एखादं ठरावीक प्रथिन शोधते. आपण आज बघू टीडीटी. पूर्ण नाव टर्मिनल डिऑक्सिन्यूक्लिओटायडिल ट्रान्सफरेज. नाव विसरा, काम लक्षात ठेवा.

अँटीबॉडी म्हणजे काय हे भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडे कोणालाही समजवता येतं. साप चावल्यावर सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, त्यात घोड्याच्या अँटीबॉडी असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष थोडं थोडं करून घोड्याला टोचतात, त्याचं शरीर विषाला पकडणाऱ्या अँटीबॉडी बनवतं आणि त्या रक्तातून वेगळ्या काढतात. पण हे झालं मिश्रण, हजार प्रकारच्या अँटीबॉडींची खिचडी. तपासणीसाठी बहुतेक वेळा एकाच साच्याची, एकाच जागी चिकटणारी अँटीबॉडी लागते. ती हवी तेवढी बनवायची युक्ती केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली आणि १९८४ चं नोबेल मिळवलं. यालाच मोनोक्लोनल म्हणतात.

आता तिला रंग लावायचा. एफआयटीसी नावाच्या रंगावर ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर पडला की तो हिरवा चमकतो. मोजणाऱ्या मशीनचं नाव फ्लो सायटोमीटर. हे मशीन समजायला एक्सप्रेसवेवरचा खालापूर टोलनाका डोळ्यासमोर आणा. गाड्या एका लेनमधून एकामागून एक जातात, वरचा सेन्सर फास्टॅग वाचतो. इथे गाडीच्या जागी पेशी, टॅगच्या जागी रंगीत अँटीबॉडी, आणि वेग सेकंदाला हजारो पेशींचा. फरक एवढाच, की टीडीटी पेशीच्या केंद्रकात असतं. त्यामुळे आधी पेशीच्या आवरणाला बारीक भोकं पाडून अँटीबॉडीला आत सोडावं लागतं.

टीडीटीच का? कारण हे एन्झाइम भारी आहे. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी लहान असताना अँटीबॉडीच्या जीन्सचे तुकडे कापून जोडतात. त्या जोडावर टीडीटी कुठलाही नमुना न बघता, मनाला येईल तशी डीएनएची अक्षरं घुसडतं. आपल्या अँटीबॉडींत इतकी विविधता येते त्यात याचा मोठा वाटा आहे. म्हणजे इथे अँटीबॉडी ज्याला पकडायला निघाली आहे, तोच कारागीर अँटीबॉडींना वेगवेगळे आकार देतो! पेशी मोठी झाली की हे काम बंद. म्हणून रक्तात टीडीटी असलेल्या पेशींची गर्दी दिसली, तर अपरिपक्व पेशी बेसुमार वाढल्याचा संशय येतो. बहुतेकदा तो अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया असतो.

‘बहुतेकदा’ हा शब्द नीट वाचा. काही मायलॉइड ल्युकेमियातही टीडीटी दिसतं, आणि लहान मुलांच्या निरोगी बोनमॅरोमध्येही अशा थोड्या पेशी असतातच. म्हणून लॅब सीडी१९, सीडी१०, सीडी३ आणि एमपीओ अशा बऱ्याच अँटीबॉडी एकत्र लावून चित्र जुळवते. यातलं एमपीओ हेसुद्धा एक एन्झाइमच, पण मायलॉइड पेशींची खूण. ‘टीडीटी पॉझिटिव्ह’ ही एक ओळ कापून चॅटबॉटला विचारली, तर उत्तर छान मिळेल, पण ते अर्धवट माहितीवरचं असेल.

आता खरी गोम. टोलनाक्याचा सेन्सर फक्त टॅग वाचतो. कारचा टॅग ट्रकवर लावला तर? लेझरचंही तसंच. चमक दिसली म्हणजे अँटीबॉडी कशाला तरी चिकटली, एवढंच पक्कं. ती टीडीटीलाच चिकटली हे वेगळं सिद्ध करावं लागतं. मेलेल्या पेशी तर कुठलीही अँटीबॉडी ओढून घेतात.

संशोधनाच्या जगात हा प्रश्न किती मोठा आहे ते २०२३ च्या एका अभ्यासाने दाखवलं. ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटीबॉडी तपासल्या. युक्ती साधी होती: ज्या पेशीतून ते प्रथिन मुद्दाम काढून टाकलंय, तिच्यातही अँटीबॉडी सिग्नल देते का? निम्म्याहून जास्त अँटीबॉडी एका तरी चाचणीत नापास झाल्या. आणि दर प्रथिनामागे सरासरी १२ शोधनिबंध अशा नापास अँटीबॉडीवर उभे होते. ही प्रथिनं मेंदूशी संबंधित होती आणि तपासणीच्या पद्धतीही वेगळ्या, त्यामुळे हे आकडे ल्युकेमियाच्या किटला जसेच्या तसे चिकटवू नका. पण म्हणूनच बाटलीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं, ते शोभेसाठी नसतं. रोगनिदानाची किट्स भारतात २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सखाली येतात, त्यांना परवाना लागतो. संशोधनाची बाटली त्या चाळणीतून गेलेली नसते. तीच अँटीबॉडी, तोच रंग असला तरी जबाबदारी वेगळी. माझ्या मते हा फरक पेशंटला रिपोर्टवरच कळायला हवा.

आणि बाटली चांगली असूनही काम बिघडू शकतं. रंग उजेडात फिका पडतो, म्हणून ती अंधारात, २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. सॅम्पलचंही घड्याळ चालू असतं. रक्त किंवा बोनमॅरो शक्यतो २४ ते ४८ तासांत मशीनवर जायला हवा, आणि तो गोठवायचा नाही. खोपोलीहून खारघर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, त्यामुळे अंतराची अडचण नाही. अडचण होते शनिवारी संध्याकाळी घेतलेलं सॅम्पल सोमवारी दुपारी लॅबमध्ये पोचतं तेव्हा.

त्यामुळे घरच्या कोणाचा असा पीडीएफ व्हॉट्सॲपवर आला, तर पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या आधी वरची बारीक अक्षरं झूम करून बघा: सॅम्पल कधी घेतलं, लॅबला कधी मिळालं, जिवंत पेशी किती टक्के होत्या, लॅबला एनएबीएल मान्यता आहे का. यातलं काही लिहिलेलं नसेल, तर लॅबला फोन करून विचारा आणि मिळालेलं उत्तर डॉक्टरांना दाखवा.