हरलेल्या पोराची बाजू

खान्देशातल्या क्रीडा संघटनांमध्ये वर्षानुवर्षं वावरलेल्या एका गृहस्थांचा लेख साक्रीत सध्या हातोहात फिरतो आहे. तालमीत वाचला जातो, बसस्टँडसमोरच्या हॉटेलात त्याच्यावर माना डोलतात, क्रीडाशिक्षक तो एकमेकांना कौतुकाने पाठवतात. म्हणणं थोडक्यात असं. उत्तेजकांविरुद्धचे नियम परदेशातून आले, ते आपल्या मातीतले नाहीत. खेड्यातल्या गरीब पोराला औषधातलं काय कळतं, त्याला शिक्षा म्हणजे गरिबीला शिक्षा. शहरातला, पैशावाला सुटतो आणि आपला अडकतो. आणि संघटना म्हणजे घर. घरातली भांडणं घरात मिटवावीत, सरकारने आणि कोर्टाने त्यात पडू नये, कारण तिथली माणसं बिनपगारी राबतात. लेखाची भाषा गोड आहे आणि म्हणूनच तो घातक आहे. त्याचा सगळा भार एका भावनेवर आहे आणि ती भावना आपल्याकडे अहिराणीत मोजक्या शब्दांत बोलली जाते: आपलाच पोऱ्या शे, जाऊ द्या.

पहिला मुद्दा फार वेळ घ्यावा असा नाही. ऑलिम्पिक परदेशी, कुस्तीची गादी परदेशी, तिथलं पदकही परदेशी. ते हवं असेल तर तिथली तपासणीही हवी. शिवाय भारताने उत्तेजकविरोधी आंतरराष्ट्रीय करार २००७ मध्ये मान्य केला आणि २०२२ मध्ये संसदेने स्वतःचा कायदा केला. हे नियम आता आपलेच आहेत.

मात्र 'आपल्या मातीतलं नाही' ही तक्रार जुनी आहे. आखाड्यात गादी आली तेव्हाही हेच ऐकलं होतं. गादीने मातीचा पैलवान मरेल, वस्तादाचा मान जाईल, डाव विसरले जातील, असं एक वजनदार गृहस्थ प्रत्येक बैठकीत टेबलावर हात आपटून सांगायचे. आज महाराष्ट्र केसरीत माती विभाग आणि गादी विभाग वेगळे लढतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. माती काही मेली नाही. मागे पडली ती त्या वस्तादांची पोरं, ज्यांनी विरोध करण्यात उमेदीची वर्षं घालवली. १९६२ मध्ये महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन ज्या धुळ्यात भरलं, त्या जिल्ह्याने हे विसरू नये.

आता खरा मुद्दा, गरीब पोराचा.

हा गरीब पोरगा लेखकमहाशयांनी नुसता शब्दांत उभा केलाय, मी त्याला रोज पाहतो. सुरत-नागपूर महामार्गाच्या कडेने पहाटेच्या अंधारात तो पळत असतो. शेवाळीकडून येतो, दहिवेलकडून येतो, पिंपळनेरच्या पट्ट्यातून शिकायला आलेला आणि खोली करून राहिलेला असतो. त्याला ऑलिम्पिक नको आहे. त्याला पोलीस भरती हवी आहे. सोळाशे मीटरला वीस गुण, शंभर मीटरला पंधरा, गोळ्याला पंधरा, असा पन्नास गुणांचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो आणि एका गुणाने गेलेला मित्र त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपलेला असतो. नाहीतर तो पैलवान असतो. राज्याचं पदक, त्याचं प्रमाणपत्र आणि खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणातली नोकरी, एवढाच रस्ता त्याला दिसतो. या पोराच्या हातात सुई येते ती आभाळातून पडत नाही.

अशाच एका पोराने मला कुपी दाखवली होती. रबरी बुचाची, बोटभर उंचीची, आत पिवळसर तेलकट द्रव. लेबल कुठल्यातरी परक्या लिपीत, त्यावर बॅच नंबरच्या जागी खोडल्यासारखं काहीतरी. वर मात्र दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र ठळक. 'ताकदीचं आहे, जोड मोठी लागली की घ्यायचं,' असं त्याला सांगण्यात आलं होतं. किंमत बापाच्या आठवड्याच्या मजुरीएवढी. सांगणारा माणूस अडाणी नव्हता. त्याला नाव माहीत होतं, मात्रा माहीत होती, किती दिवस आधी थांबवलं की लघवीत सापडत नाही हेही माहीत होतं. पोराला यातलं खरंच काही माहीत नव्हतं.

म्हणून लेखातली ती 'बिचाऱ्या अडाणी पोराला सोडा' ही विनवणी वाचून माझा संताप होतो. या दयेचा फायदा पोराला होत नाही. त्याचं यकृत, त्याचं हृदय, त्याचं उद्याचं बापपण या दयेने वाचत नाही. फायदा होतो तो कुपी विकणाऱ्याला आणि ती टोचायला लावणाऱ्या वस्तादाला. पोरगं अडाणी ठरलं की चौकशी तिथेच थांबते आणि कळत्या माणसापर्यंत पोचत नाही. ज्यांना पोराच्या गरिबीचा इतका कळवळा आहे, त्यांनी आपल्या लेखात त्या कळत्या माणसावर एक ओळ तरी लिहायची होती.

नियम गरिबीकडे पाहत नाही, हेही खोटं आहे. शरीरात काय गेलं त्याची जबाबदारी खेळाडूची, हे मूळ तत्त्व कठोर आहे खरं. पण त्याच नियमावलीत भेसळीच्या औषधाचा विचार आहे, चूक क्षुल्लक असल्याचं दाखवता आलं तर शिक्षा कमी करण्याची सोय आहे, आणि खेळाडू अल्पवयीन असेल तर त्याच्या प्रशिक्षकाची आणि सोबतच्या माणसांची चौकशी आपोआप करायचं बंधन आहे. हे शेवटचं कलम तालमीच्या भिंतीवर लावायला हवं. लेखकाला ते ठाऊक नसेल तर त्यांनी या विषयावर लिहायला नको होतं, आणि ठाऊक असून गाळलं असेल तर ते जास्त वाईट.

लेखाचा हुकमी दाखला अर्थातच नरसिंग यादवचा. २०११, २०१२, २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, राज्याच्या पोलीस दलातला अधिकारी, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत लास वेगासला कांस्य आणि त्यातून ७४ किलो गटात रिओ ऑलिम्पिकची जागा. त्या जागेवरून कोर्टापर्यंत गेलेला वाद. मग २५ जून आणि ५ जुलै २०१६ च्या नमुन्यांत मेथॅनडायनोन हे स्टेरॉइड सापडलं. १ ऑगस्टला राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे नाडाने, खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळल्याचं मानून त्याला निर्दोष सोडलं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था त्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. एवढी मात्रा कुणी शिंपडलेल्या पावडरीची नव्हे, गिळलेल्या गोळीची वाटते, असं तज्ज्ञाचं मत लवादापुढे आलं आणि घातपाताचा पुरावा त्याला पटला नाही. महाराष्ट्रभर हळहळ झाली, मीही हळहळलो.

लेखक म्हणतात, बघा, आपल्या पोराचा कसा बळी गेला. क्षणभर धरून चालू की कुणीतरी मिसळलंच. मग सोनीपतच्या सरकारी केंद्रातल्या राष्ट्रीय शिबिरात, देशाच्या ऑलिम्पिक पैलवानाच्या ताटापर्यंत परका माणूस पोचला कसा? तिथलं स्वयंपाकघर, तिथलं कुलूप, तिथली नोंदवही कुणाच्या ताब्यात होती? आणि मिसळलं नाही असं धरलं, तर त्याच शिबिरात गोळी आली कुठून? दोन्ही वाटा खुर्चीवर बसलेल्यांपाशीच जातात. लेखात मात्र परदेशी लवादावर दोन परिच्छेद आहेत आणि त्या शिबिराच्या व्यवस्थेवर शब्दही नाही. चार वर्षं पैलवानाची गेली, त्यावर अश्रू ढाळून झाल्यावर हा प्रश्न विचारायचा असतो.

आणि आता तो माणूस, ज्याचं नाव त्या सबंध लेखात कुठेच नाही: हरलेला पोरगा. डोस घेतलेल्याशी ज्याची जोड लागली आणि जो चितपट झाला तो. ज्याचा खुराक घरच्या म्हशीच्या दुधावर आणि उसनवारीच्या बदामावर चालला तो. भरतीत ज्याचं नाव प्रतीक्षा यादीत एका गुणाने अडकलं तो. त्याच्यासाठी कुणी लेख लिहीत नाही, कारण त्याला काही झालेलंच नसतं, तो फक्त हरलेला असतो. 'आपलाच पोऱ्या शे' म्हणून सोडून द्यायची भाषा करणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: हा कुणाचा? तोही साक्रीचाच, तोही गरीबच, आणि त्याने सुईला नाही म्हटलेलं असतं. अनेकदा त्याला तशी सुई देऊ केलेली असते. त्याने नकार दिला, त्यासाठी त्याला किती बळ लागलं असेल, याची जाण त्या गोड भाषेत कुठेच नाही. पकडलेल्याला माफी दिली की त्याची किंमत हाच पोरगा मोजतो. मग पुढच्या हंगामात तोही कुपी मागतो.

हे काल्पनिक नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत तपासणीवाले आल्याची कुणकुण लागली आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. बाकीचे मैदानातून गायब. स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज पडलेल्या. त्याच वर्षाच्या उत्तेजक तपासणीच्या जागतिक आकडेवारीत भारताचे ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ दोषी निघाले, म्हणजे ३.८ टक्के, पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत इतकं प्रमाण दुसऱ्या कुणाचं नव्हतं. आणि ही फक्त तपासलेल्यांची गोष्ट. आपल्या जत्रेतल्या कुस्ती दंगलीत तपासणारा माणूस कधी येतच नाही. पूर्वी नूरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवलेली, झाली की प्रेक्षक ओरडून आखाडा थांबवायचे. रक्तातली लबाडी प्रेक्षकाला दिसत नाही.

श्रीमंत सुटतो, या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. विरारच्या पृथ्वी शॉच्या फेब्रुवारी २०१९ च्या नमुन्यात खोकल्याच्या औषधातलं टर्ब्युटालिन सापडलं. क्रिकेट मंडळ तेव्हा स्वतःच तपासायचं आणि स्वतःच न्याय करायचं. ३० जुलैला मंडळाने आठ महिन्यांची बंदी जाहीर केली, ती १६ मार्चपासून मागे नेऊन. मधल्या काळात खेळाडू आयपीएल खेळून मोकळा झाला होता. टर्ब्युटालिन आणि मेथॅनडायनोन एका पंक्तीत बसत नाहीत, शिक्षा सारखी असती असंही नाही. पण घरातलं घरात मिटवलं की काय होतं त्याचा हा नमुना आहे, आणि तो लेखकाच्याच चौथ्या मुद्द्याच्या मुळावर येतो. ओरड झाली आणि दहा दिवसांत मंडळाला नाडाची तपासणी मान्य करावी लागली. श्रीमंताला मिळालेली सूट गरिबाला वाटून न्याय होत नाही; ती श्रीमंताची काढून घ्यावी लागते, तशी ती काढली गेली.

घर, घर म्हणतात ते कसं चाललंय तेही पाहू. नोव्हेंबर २०२३ मध्ये या राज्यात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. कारण संघटनाच दोन. दोन्ही पैलवान खरे, दोघांचा घाम खरा, आणि गदा कुणाची खरी यावर पारावर वाद. त्याच वर्षी निवडणुका वेळेत घेतल्या नाहीत म्हणून जागतिक कुस्ती संघटनेने भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केलं आणि आपले पैलवान जागतिक स्पर्धेत देशाच्या नावाशिवाय उतरले. महिला पैलवानांना आपली तक्रार घेऊन जंतरमंतरवर बसावं लागलं ते याच घरातून. तपासणीची यंत्रणाही धुतल्या तांदळाची नाही: दिल्लीची राष्ट्रीय प्रयोगशाळा ऑगस्ट २०१९ मध्ये निलंबित झाली ती डिसेंबर २०२१ पर्यंत. बिनपगारी राबतात म्हणून जाब विचारू नये, हे मला मान्य नाही. बिनपगारी माणूस खुर्चीला वर्षानुवर्षं का चिकटतो, हे तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

मग करायचं काय? २०२५ मध्ये क्रीडा प्रशासनाचा कायदा झाला, त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वाद सोडवायला लवाद आहे. उत्तेजकविरोधी कायदाही त्याच वर्षी दुरुस्त झाला. माहिती अधिकार मात्र सरकारी पैसा घेणाऱ्या संघटनांपुरता ठेवला, ती पळवाट मला खुपते. कायदा दिल्लीत झाला, पण कुपी साक्रीत आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत अचानक नमुने घेतले जावेत. महाराष्ट्र केसरी कुठल्याही संघटनेने भरवो, उपांत्य फेरीपासून प्रत्येकाचा नमुना घेतल्याशिवाय गदा देऊ नये. आपल्याच चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीने २०१४ पासून सलग तीनदा ती गदा खान्देशात आणली. तिचं मोल राखायचं तर एवढं करायलाच हवं.

आणि एक गोष्ट इथूनच सुरू होऊ शकते. जत्रेच्या दंगलीत जोड लावताना पैलवानाचं नाव आणि गाव लिहितात. त्याच ओळीत वस्तादाचं नाव आणि सही घ्यावी, पोरगं पुढे कुठेही दोषी निघालं तर वस्तादाची चौकशी होईल अशी अट वर छापून. या मागणीचा अर्ज मी तालुक्यातल्या सगळ्या यात्रा समित्यांना देतो आहे. लेखकमहाशयांचा शब्द इथे चालतो. त्यांनीही त्यावर सही करावी.