प्रवासातील परिग्रह : हलका तंबू निवडताना

आर्वी तालुक्यातील रोहण्याहून मुक्तागिरीला सायकलने जाण्याचा बेत घरातील तरुणांनी मांडला, की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : रात्रीचा मुक्काम कोठे? सिद्धक्षेत्री धर्मशाळा आहे; वाटेत अमरावती व परतवाडा येथे ओळखीची घरे निघतात. अशी सोय असेल तेथे तंबू उघडण्याचे कारण नाही. परंतु टायर फुटला, आभाळ भरून आले आणि दोन गावांच्या मध्येच सूर्य कलला, तर रात्रिभोजनत्यागाचे व्रत पाळणाऱ्याने उपाशीपोटी अंधारात महामार्गावर सायकल रेटावी काय? जीव धोक्यात घालण्यापेक्षा शेतमालकाची अनुमती घेऊन तेथेच थांबणे शहाणपणाचे. तंबूचा खरा उपयोग अशा वेळी होतो.

निवडताना प्रथम वजन पाहावे. एकट्या सायकलस्वाराला सुमारे 2 किलोपर्यंतचा तंबू सोयीचा. मोटारसायकलवर 3 किलोही चालतो. लेबलावरील वजनात खुंट्या, दोऱ्या व पिशवी धरली आहे काय, हे विचारून घ्यावे. ‘दोन व्यक्तींसाठी’ याचा अर्थ खांद्याला खांदा लावून झोपणारे दोघे. सामानासह एकट्याला तोच आकार योग्य. वजनाइतकीच घडीची लांबी महत्त्वाची आहे. दांड्यांचे तुकडे 40 ते 45 सेंटिमीटरचे असतील, तर ते सायकलच्या बाजूच्या थैलीत मावतात. फेकताच उघडणाऱ्या तंबूची घडी मोठ्या थाळीसारखी होते. ती मोटारीत चालेल, सायकलवर नाही. दांड्या ॲल्युमिनियमच्या असाव्यात. फायबरच्या स्वस्त, पण जड असतात आणि वाकताना चिरतात. मोटारसायकलस्वाराने गुंडाळी सायलेन्सरपासून दूर बांधावी, अन्यथा कापड वितळते.

आपल्या भागातील हवा लक्षात घेता दुहेरी आवरणाचा तंबू उत्तम. आत जाळी असल्याने वारा खेळतो व डास येत नाहीत. श्वासाची वाफ बाहेरच्या कापडावर साचते, अंथरुणावर टपकत नाही. बाहेरच्या कापडाची जलरोधक क्षमता 1,500 मिलिमीटर किंवा अधिक आणि तळाची त्याहून जास्त असावी. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असावी. नायलॉन ओले झाले की सैलावते, पॉलिएस्टर त्या मानाने ताठ राहते. काळी माती उन्हाळ्यात खुंटी आत घेत नाही व पावसात धरून ठेवत नाही. म्हणून स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा तंबू घ्यावा. वाऱ्यासाठी दोऱ्या मात्र बांधाव्याच.

श्रावकाने आणखी काही पाहावे. तंबू सूर्यास्तापूर्वी लावावा, म्हणजे मुंग्यांची वारुळे व बिळे दिसतात आणि अनवधानाने होणारी हिंसा टळते. दिवा लावून दार उघडे ठेवू नये; पतंग, किडे आत येतात. हलकी म्हणून मिळणारी झोपण्याची पिशवी पुष्कळदा पक्ष्यांच्या पिसांनी भरलेली असते. कृत्रिम तंतूंची मागून घ्यावी. तंबूत शेगडी कदापि पेटवू नये. विषारी वायू साचून प्राण जाऊ शकतो. विजा कडाडत असतील तर तंबू संरक्षण देत नाही, पक्के छप्पर गाठावे. बोर किंवा मेळघाटच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीविना मुक्काम करू नये.

आता हिशेब. 6,000 रुपयांचा तंबू 30 रात्री टिकला, तर एका रात्रीला 200 रुपये पडतात. 2,500 रुपयांचा पाच रात्रींत फाटला, तर 500. स्वस्त कोणता, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. वर्षातून दोनच रात्री लागणार असतील, तर मात्र भाड्याने किंवा मित्राकडून घेणे अधिक किफायतशीर. विकत घेतल्यास निघण्यापूर्वी एकदा घराच्या गच्चीवर स्वतः उभारून पाहावा आणि परतल्यावर पूर्ण वाळवूनच घडी करावी. ओल्या घडीला बुरशी लागते.

परिग्रह-परिमाण घरातल्या तिजोरीपुरतेच नाही. सायकलवरील प्रत्येक अनावश्यक वस्तू पहिल्याच चढावर आपला भार सांगते. आवश्यक तेवढेच, पण भरवशाचे घेतले, की मुलांची यात्रा सुखाची होते आणि घरच्यांनाही रात्री शांत झोप लागते.