शेअर कोणाच्या नावावर?



या पानावर मी नेहमी बेणे, खत आणि खोडव्याचे लिहितो. आजचा विषय निराळा वाटेल, पण तो उसाच्या फडातूनच निघाला आहे.

मागच्या हंगामात एका शिवारात ऊसनोंदीला गेलो होतो. मालक कामाने अकोल्यास गेलेले. लागण कोणत्या तारखेची, पाण्याच्या पाळ्या किती झाल्या, खोडकिडा कोणत्या सरीत दिसला, सारे मालकीणबाईंनी तोंडपाठ सांगितले. सहीसाठी कागद पुढे केला तर म्हणाल्या, "शेअर त्याईच्या नावानं हाय न साहेब, माह्या सहीचा काय उपेग?"

तेव्हा मला रमाबाई रानडे आठवल्या. देवराष्ट्र्याची ही मुलगी १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी सून म्हणून आली, तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकवायला घेतले म्हणून घरातल्याच बायकांचे टोमणे तिने सोसले. पुढे १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा या मुंबई इलाख्यातील चळवळीत त्या पुढे होत्या. १९२१ साली तिथे तो मिळाला. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात तो १९२७ साली आला, आणि दहाच वर्षांनी नागपूरच्या अनसूयाबाई काळे विधानसभेच्या उपसभापती झाल्या.

पण त्यात एक मेख होती. मत कोणाला? ज्याच्या नावावर मालमत्ता किंवा शेतसारा, त्याला. जमीन पुरुषाच्या नावावर, म्हणजे हक्क मिळूनही बहुतेक बाया बाहेरच! ही अट संविधानाने १९५० साली काढली.

आता आपल्या घरात पाहू. सहकारात शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. तत्त्व सोन्यासारखे आहे. पण सभासद व्हायला ऊस नावावर हवा, ऊस नावावर यायला सातबारा हवा. देशाने काढलेली मेख आपल्याकडे अजून ठोकलेलीच आहे. संचालक मंडळात महिलांसाठी २ जागा राखीव आहेत, पण त्यांना निवडून देणाऱ्या यादीत बाया किती, हे ज्याने त्याने मोजावे.

कोणी म्हणेल, घरात दोन मते म्हणजे दोन पार्ट्या. अहो, निंदणाला दोन हात चालतात, खताची गोणी उचलायला चालतात, मग मतालाच का अडावे?

माझे म्हणणे एवढेच. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा कित्येकांनी बायकोच्या नावे जमीन केली. आपणही एखादा एकर करावा, त्यावर तिचा शेअर घ्यावा. निदान शेअरवर वारस म्हणून तिचे नाव तरी आजच लावून ठेवा. धनी गेल्यावर कागदासाठी खेटे घालणारी बाई मी पाहिली आहे.

पुढच्या ऊस मेळाव्याला जोडीने या. प्रश्न त्यांनाच जास्त विचारायचे असतात, हा माझा अनुभव आहे.

— ऊस विकास अधिकारी