खात्रीची वाट शोधताना वर्षं जातात. दहावी-बारावीनंतर गावाकडच्या पोरांनी काय बघावं?

निकाल लागला की गावात एकच प्रश्न फिरतो. पारावर, दूध डेअरीवर, लग्नाच्या मांडवात. "पोराला कशाला घालायचं? नोकरीची खात्री कशात आहे?" बापाचं चुकत नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४ हजार ८९२ रुपये होता, पण बऱ्याच शेतकऱ्यांना बाजारात त्याहून बरंच कमी मिळालं. शेतीत खात्री राहिली नाही, म्हणून पोराच्या शिक्षणात तरी ती असावी असं घराला वाटतं. अडचण अशी की शिक्षणातही ती कुणाकडे नाही. आणि जी वाट सगळ्यात खात्रीची म्हणून सांगितली जाते, तिथंच गर्दी जास्त होते.

डी.एड.चं काय झालं?

चाळिशीतल्या माणसांना हे आठवत असेल. एक काळ होता, बारावीला चांगले मार्क पडले की डी.एड. दोन वर्षं केली की जिल्हा परिषदेची शाळा आणि लगेच लग्नाची स्थळं. गावोगावच्या हुशार पोरापोरींनी तीच वाट धरली आणि कॉलेजंही भराभर निघाली. मग २०१२ पासून शिक्षक भरती जवळपास थांबली. २०१३ पासून राज्यात टीईटी आली. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी डी.एड.धारक शेतात, दुकानात, खासगी क्लासमध्ये रुळले होते.

ज्यांना नोकरी लागली तेही पूर्ण निवांत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्यांच्या सेवेची पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक आहेत अशा शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल. म्हणजे नोकरी लागल्यावरही नियम बदलतात.

भरतीचं गणित

आज तीच जागा पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांनी घेतली आहे. २०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे जवळपास शंभर अर्ज. काही पोरांनी दोन-तीन पदांना अर्ज केले असतील हे धरलं तरी चित्र फार बदलत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पर्यायी प्रश्नांची होती, ती लेखी उत्तरांची होणार असं आयोगाने जाहीर केलं. पुण्यात आंदोलन झालं, मग बदल २०२५ पासून लागू करायचं ठरलं. ज्यांनी जुन्या पद्धतीवर चार वर्षं घातली होती त्यांना अभ्यास नव्याने मांडावा लागला.

याचा अर्थ भरती करू नये असा नाही. शंभरात एक तर लागतोच, आणि तो आपल्याच गावचा असू शकतो. प्रश्न उरलेल्या नव्व्याण्णवांचा आहे. पोलीस शिपायासाठी खुल्या गटाला वयाची मर्यादा २८ आहे. सव्वीस-सत्तावीसपर्यंत फक्त धावणं आणि लायब्ररी झाली, हातात दुसरं काहीच नसलं, तर पुढं कुठं जायचं? घरात वय वाढतं, बहिणीचं लग्न थांबतं आणि पोरगं माणसांत यायचं टाळतं.

शेतकऱ्याला हे कळतंच

पाऊस किती पडणार हे कुठल्याच शेतकऱ्याला माहीत नसतं. म्हणून तो पेरणी सोडत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबतो, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकतो. एक गेलं तर दुसरं हाताशी येतं. दुबार पेरणीची वेळ आली तर बियाण्याला पैसे राहतील एवढं बघतो. पोराच्या शिक्षणाचा विषय आला की हाच माणूस सगळं रान एकाच पिकाखाली घालतो, वर कर्ज काढतो.

तेव्हा "खात्री कशात आहे" हे विचारण्यापेक्षा तीन गोष्टी विचारलेल्या बऱ्या. ही वाट बंद पडली तर इथून दुसरीकडे वळता येतं का? कळायला किती वर्षं लागतील? तोवर किती पैसा जाईल?

वळता येणाऱ्या वाटा

अशा वाटा आहेत, पण गावात त्यांची चर्चा कमी होते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावी सायन्सवाल्यालाही ती सोय आहे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. म्हणजे आयटीआयला गेलं की शिक्षण संपलं असं नाही. सायन्समधून पुढं आर्ट्स-कॉमर्सला येता येतं, उलटं मात्र अवघड. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावी करता येते. नोकरी किंवा शेती करत पदवी घ्यायची तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. अट घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असण्याची. "पोरीवर एवढा खर्च कशाला" म्हणण्याआधी हे एकदा सेतू केंद्रात किंवा कॉलेजात विचारून घ्यावं.

अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाला. त्या वर्षी पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश न घेणारा पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडला. म्हणून पसंतीक्रम सायबर कॅफेवाल्यावर सोडू नये. घरात बसून, पोराला विचारून भरावा, आणि त्या वर्षीचा नियम आधी वाचावा.

मुदत ठरवा

भरतीची तयारी करायची तर खुशाल करावी, पण किती प्रयत्न ते आधी ठरवावं. दोन की तीन, ते घरात बसून बोलावं. सोबत पदवी, आयटीआयचा ट्रेड, गाडीचं लायसन्स, टायपिंग, काहीतरी चालू ठेवावं. ती तुरीची ओळ समजावी. मुदत संपली आणि पोरगं वळलं तर त्याला "हरला" म्हणू नये. दुबार पेरणी करणाऱ्याला गावात कुणी नापास म्हणत नाही.

उद्या कुठली नोकरी राहील, कुठला कोर्स चालेल, हे मास्तर, क्लासवाले, पुढारी कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. सांगणारा बहुतेक वेळा फी घेणारा असतो. पोरगं कशात रमतं, हे मात्र आई-बापाला दिसत असतं. सुरुवात तिथून केली तर वाट बदलायची वेळ आली तरी केलेलं वाया जात नाही.